कोपस निरीक्षण-तक्ता: एका सत्राच्या वापरानंतर

विद्यापीठातील विज्ञानाच्या वर्गांसाठी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला कोपस हा निरीक्षण-तक्ता आमच्या विभागाने सत्रभर वापरून पाहिला. त्याच्या रचनाकारांत भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन असल्याने त्याचे स्वागत जरा सोपे झाले. एरवी अध्यापनशास्त्र हा शब्द कानी पडताच प्रयोगशाळेतले काम आठवणारे आमच्यात कमी नाहीत.

तक्ता विनामूल्य मिळतो, खर्च होतो तो वेळ. सहकारी मागच्या बाकावर बसतो आणि व्याख्यान, प्रश्न विचारणे, गटचर्चा अशा कृतींच्या शिक्षकासाठीच्या १२ व विद्यार्थ्यांसाठीच्या १३ संकेतांपैकी जे लागू पडतील त्यांवर दर २ मिनिटांनी खुणा करतो. शिकवणे चांगले की वाईट हे त्याने ठरवायचे नसते आणि हीच या तक्त्याची मोठी जमेची बाजू आहे.

माझा तास प्रश्नोत्तरांनी भरलेला असतो, अशी माझी पक्की समजूत होती. उष्मागतिकीच्या एका तासाचा तक्ता हाती आला, तेव्हा मी प्रश्न विचारल्याच्या खुणा नऊ रकान्यांत होत्या आणि विद्यार्थ्यांनी उत्तर दिल्याच्या अवघ्या दोन. उरलेल्या ठिकाणी उत्तर कोणी दिले, हे सहकाऱ्याला सांगावे लागले नाही.

उणिवाही आहेत. दहा सेकंदांच्या कृतीला आणि पूर्ण दोन मिनिटे चाललेल्या कृतीला सारखीच खूण मिळते, त्यामुळे खुणांची टक्केवारी काढून तिलाच वेळेचा हिशेब समजणे चुकीचे ठरते. ‘या राशीचे एकक काय?’ आणि ‘ही प्रक्रिया उलट दिशेने का घडत नाही?’ हे दोन्ही प्रश्न तक्त्याच्या लेखी एकच आहेत. हा फरक तासानंतर चहा घेताना झालेल्या बोलण्यातच कळला आणि आम्हाला खरा लाभ त्या बोलण्याचाच झाला.

मात्र सत्राच्या मध्यावर हे तक्ते वार्षिक मूल्यमापनाच्या फाइलला जोडण्याचे फर्मान निघाले. त्यानंतर निरीक्षणाच्या दिवशी गटचर्चा हमखास रंगू लागल्या, आणि ज्येष्ठांच्या वर्गात बसलेल्या नव्या सहकाऱ्यांचा हात व्याख्यानाच्या रकान्यापाशी अडखळू लागला. हा दोष तक्त्याचा नव्हे. तरीही तक्ता ज्याचा त्याच्याकडेच राहील, ही अट लेखी मान्य होईपर्यंत मी पुढच्या सत्रासाठी नाव दिलेले नाही.