ऑडॅसिटी आणि म्युझिकबी: रेडिओवरचं रागसंगीत साठवताना, काही महिन्यांच्या वापरानंतर

आकाशवाणीची 'रागम' ही चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी वाहिनी २६ जानेवारी २०१६ पासून सुरू आहे आणि नेटवर कुठूनही ऐकता येते. ज्यांना तिची गोडी लागते त्यांची तक्रार एकच असते. उत्तम मैफल नेमकी आपण कामात असताना किंवा रात्री उशिरा लागते, आणि वाजून गेली की पुन्हा कधी लागेल याचा नेम नाही. म्हणून मी रेकॉर्ड करायला लागलो. गेले कित्येक महिने माझ्या विंडोज लॅपटॉपवर रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी आणि संग्रह लावायला म्युझिकबी अशी जोडी आहे. दोन्ही फुकट आहेत. आज लिहायचं ते मुख्यतः दुसऱ्याबद्दल, कारण रेकॉर्ड करणं हा यातला सोपा भाग आहे. चार महिन्यांनी हवं ते सापडतंय का, खरा प्रश्न तो.

त्याआधी सगळं एकाच खिडकीत करून देणाऱ्या विकतच्या सॉफ्टवेअरबद्दल. स्ट्रीम लावा, ते आपोआप गाणी वेगळी करील, नावं घालील, फोल्डरात ठेवील, असं त्यात असतं. सिनेमातल्या गाण्यांना हे चालतं, कारण दोन गाण्यांमध्ये क्षणभर शांतता असते आणि सॉफ्टवेअर तिथेच कापतं. ख्यालाला, म्हणजे एकच राग सावकाश फुलवत नेणाऱ्या गायनाला, ते लागू पडत नाही. तानपुरा थांबतच नाही! विलंबित (संथ लयीचा भाग) संपून द्रुत (जलद) सुरू होतं तिथे फट नसते. उलट आलापात गायक श्वास घेताना तानपुरा दबला, की अशी सॉफ्टवेअरं तेच गाण्याचं टोक समजतात. चाचणीपुरतं घेतलेलं असं एक मी याच कारणासाठी काढून टाकलं.

ऑडॅसिटी तशी जुनी. १९९९ साली अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ती लिहायला घेतली, २००० मध्ये लोकांच्या हाती आली, आणि आजही मुक्त सॉफ्टवेअर आहे. भाषांच्या यादीत मराठीही आहे. मी मात्र मेनू इंग्रजीच ठेवलाय, कारण मदतीचे व्हिडिओ आणि लेख सगळे इंग्रजी मेनू धरून असतात. संगणकावर वाजणारा आवाज पकडायला ऑडिओ सेटअपमध्ये होस्ट म्हणून 'विंडोज वासापी' निवडायचं आणि रेकॉर्डिंग डिव्हाइस म्हणून आपल्या स्पीकरच्या नावापुढे 'लूपबॅक' लिहिलेलं असेल ते. यात माइकचा संबंध नाही. आवाज आतल्या आत डिजिटल उतरतो, त्यामुळे पंख्याची घरघर किंवा कुकरची शिट्टी रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. येतात त्या संगणकाच्याच घंट्या. ईमेल आला, व्हॉट्सॲप वाजलं, की ते थेट दरबारी रागातल्या मींडेवर, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या सुरावर, येऊन बसतं. नोटिफिकेशन बंद ठेवणं हा एक उपाय. दुसरा आणि पक्का उपाय म्हणजे व्हीबी-केबल नावाचं आभासी साउंड डिव्हाइस टाकायचं. विंडोजच्या सेटिंगमधून फक्त रेडिओ वाजवणाऱ्या प्लेअरचा आवाज त्यात वळवायचा आणि ऑडॅसिटीला तेच डिव्हाइस द्यायचं. मग बाकी संगणकावर काय वाट्टेल ते वाजो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. लूपबॅकमध्ये काहीच वाजत नसेल तर रेकॉर्डिंग पुढे सरकत नाही, आवाज आला की पुन्हा चालू होतं. म्हणजे नेट अडखळून स्ट्रीम थांबली तर फाइलमध्ये तेवढी शांतता मिळेलच असं नाही, दोन तुकडे एकमेकांना चिकटून येऊ शकतात. तालात असं झालं तर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकल्यासारखी वाटते. अशा जागी मी 'तुटलंय' म्हणून लेबल टाकून ठेवतो. प्लेअरचा आवाज शंभर टक्क्यांच्या वर नेऊ नये. व्हीएलसी या प्लेअरमध्ये तो नेता येतो, पण मग तार सप्तकातला स्वर फाटतो आणि फाटलेला स्वर नंतर नीट होत नाही.

टायमर रेकॉर्डिंग हे या सॉफ्टवेअरचं माझ्या मते सगळ्यात उपयोगी अंग. सुरू करायची वेळ, संपायची वेळ, संपल्यावर प्रोजेक्ट आपोआप सेव्ह करायचा की नाही, नंतर संगणक बंद करायचा की नाही, सगळं आधीच सांगून ठेवता येतं. फक्त हा टायमर झोपलेल्या संगणकाला उठवत नाही. स्लीप बंद करून ठेवायचं आणि चार्जर लावलेला आहे ना ते बघायचं. मध्येच लाइट जाऊन मशीन बंद पडलं तर पुढच्या वेळी उघडताना ऑडॅसिटी अर्धवट प्रोजेक्ट परत मिळवून देण्याचं विचारते. आमच्याकडे पावसाळ्यात ही सोय फार कामी येते.

जागा मात्र भरपूर लागते. ऑडॅसिटी मुळात ३२ बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करते, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ स्टिरिओला तासाला सव्वा जीबीहून जास्त. काम झालं की १६ बिट फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) एक्स्पोर्ट करायचं आणि प्रोजेक्ट पुसून टाकायचा. तेच न दाबलेल्या १६ बिट वेव्हमध्ये तासाला साधारण ६३५ एमबी होतं, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. स्ट्रीम मुळातच दाबलेली असते, मग फ्लॅक कशाला, असं विचारतात. फ्लॅकने दर्जा वाढत नाही हे खरंच. पण तीच स्ट्रीम पुन्हा एमपीथ्री केली तर आहे त्यातलंही आणखी जातं, आणि तानपुऱ्याच्या झंकारात ते आधी कळतं. ज्याला कापाकापी करायचीच नाही त्याने व्हीएलसीने स्ट्रीम जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवावी. १२८ केबीपीएसचा एक तास ५८ एमबीत मावतो.

आता निवेदनाबद्दल. बहुतेक जण ते आधी कापून टाकतात. कृपा करून कापू नका. कलाकार कोण, राग कोणता, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, ही सगळी माहिती फक्त त्या निवेदनात असते, आणि साथीदारांची नावं बऱ्याचदा शेवटच्या निवेदनात येतात. मी निवेदनाला वेगळं लेबल देतो. रेकॉर्डिंग ऐकताना कंट्रोल-एम दाबलं की त्या क्षणी लेबल पडतं आणि त्यात देवनागरीत लिहिता येतं: 'निवेदन', 'आलाप', 'विलंबित एकताल', 'द्रुत तीनताल', 'शेवटचं निवेदन'. एक्स्पोर्ट करताना लेबलांप्रमाणे वेगवेगळ्या फाइली करता येतात आणि लेबलातला मजकूरच फाइलचं नाव होतो. ख्याल मी अखंडच ठेवतो. तोडतो तो फक्त दोन रागांच्या मध्ये.

फाइल तयार झाली की ती म्युझिकबीकडे जाते. यात 'इनबॉक्स' नावाची एक जागा आहे. नवीन फाइली तिथे येऊन थांबतात, माहिती भरून झाली की मुख्य संग्रहात पाठवायच्या. साधीच सोय, पण तिच्यामुळे नाव-गाव नसलेली फाइल संग्रहात शिरत नाही.

गाण्यांच्या फाइलींचे रकाने ठरलेले असतात: कलाकार, अल्बम, गाणं, ट्रॅक क्रमांक, शैली. ही सगळी चौकट तबकडीवरून आलेली. रेडिओवरच्या मैफलीला अल्बम नसतो. आणि 'गाणं' या रकान्यात काय लिहायचं? रागाचं नाव, की बंदिशीचं तोंड? तालाला जागाच नाही. साथीला नाही. घराण्याला नाही. ही सगळी माहिती एका ओळीत कोंबली की शोधता येत नाही. म्युझिकबी मला आवडलं ते इथे. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन आपले स्वतःचे रकाने बनवता येतात आणि ते फाइलमध्येच लिहून ठेवता येतात, म्हणजे उद्या हे सॉफ्टवेअर बदललं तरी माहिती फाइलसोबत राहते. मी राग, ताल, बंदिश, घराणं, प्रहर (राग गायची वेळ), तबला, हार्मोनियम आणि सारंगी असे रकाने केलेत. शेवटचे दोन वेगळे ठेवायला कारण आहे. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती १९७० नंतर सैल झाली. त्यामुळे संग्रहातून लावलेलं जुनं ध्वनिमुद्रण आलं की साथीला बहुधा सारंगी असते. हार्मोनियमचा रकाना रिकामा आणि सारंगीचा भरलेला दिसला की रेकॉर्डिंग जुनं असावं, एवढा अंदाज यादी बघूनच येतो.

अल्बमच्या रकान्यात मी कार्यक्रमाचं नाव आणि प्रसारणाची तारीख लिहितो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे क्रम आपोआप लागतो.

याचं फळ कॉलम ब्राउझरमध्ये दिसतं. वर एका स्तंभात राग, शेजारच्यात कलाकार, तिसऱ्यात ताल असं मी लावून घेतलंय. 'यमन'वर क्लिक केलं की माझ्याकडे कोणाकोणाचा यमन आहे ते शेजारी उभं राहतं. त्यातला झपताल निवडला की यादी आणखी आवळते. एकच राग किराणा घराण्यात कसा बढत घेतो, म्हणजे हळूहळू कसा उलगडतो, आणि जयपूर घराण्यात कसा, हे लागोपाठ ऐकायला मिळतं. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही. प्रहराच्या रकान्यावरून ऑटो-प्लेलिस्ट केल्यात: पहाटेच्या यादीत ललत, भटियार, दिवेलागणीच्या यादीत मारवा, पूरिया, मध्यरात्रीला दरबारी. नवीन फाइलीत प्रहर भरला की ती आपणहून त्या यादीत जाते.

इथे शिस्त लागते. एकदा 'मालकंस' आणि एकदा 'मालकौंस' लिहिलं की म्युझिकबीच्या दृष्टीने ते दोन राग. नावाआधी 'पं.' लावायचं की नाही तेही एकदाच ठरवावं. बरं आहे ते हे की स्तंभात दोन्ही रूपं खाली-वर दिसतात, त्यामुळे चूक लपत नाही, आणि सगळ्या फाइली एकत्र निवडून एका फटक्यात दुरुस्त होतात. फाइलचं नाव मी रोमन लिपीत ठेवतो आणि आतली माहिती देवनागरीत. गाडीतल्या जुन्या प्लेअरवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात, तेव्हा निदान फाइलचं नाव वाचता येतं.

म्युझिकब्रेन्झ पिकार्डबद्दल बरेच जण विचारतात. ते फाइलच्या ध्वनीचा ठसा घेऊन आपल्या कोशात शोधतं. बाजारात आलेल्या सीडींना उत्तम आहे, माझ्या जुन्या सीडी मी त्यानेच लावल्या. रेडिओवरची मैफल कोणत्याच कोशात नसते, त्यामुळे तिथे हाताने लिहिण्याला पर्याय नाही. तासाभराच्या मैफलीची माहिती लिहायला पाच-दहा मिनिटं जातात. ती द्यायची तयारी नसेल तर रेकॉर्ड करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर 'अनटायटल्ड' नावाच्या फाइलींचा ढीग होतो आणि तो कोणी ऐकत नाही.

कायद्याचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ नुसार प्रसारणाचं ध्वनिमुद्रण स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा प्रामाणिकपणे शिकवण्या-संशोधनासाठी केलं, तर तो प्रसारण-हक्काचा भंग धरत नाहीत. ते नेटवर चढवणं किंवा वाटणं यात बसत नाही. पैसे भरून घेतलेल्या संगीत सेवांच्या अटींमध्ये रेकॉर्डिंगला साफ मनाई असते, तिथे मी ही जोडी वापरत नाही आणि कोणाला सुचवणारही नाही. तिथे आवडलेलं विकत घ्यावं, त्यातले चार पैसे तरी कलाकाराला जातात.

उणीव सांगायची तर म्युझिकबी फक्त विंडोजसाठी आहे आणि त्याचा कोड खुला नाही. मॅकवाल्यांना ऑडॅसिटी मिळते, पण संगणकाचा आवाज पकडायला ब्लॅकहोलसारखा आभासी ड्रायव्हर लागतो आणि संग्रहासाठी दुसरं काही शोधावं लागतं. फोनवर नेल्यावर माझे खास रकाने बहुतेक प्लेअर दाखवत नाहीत, म्हणून राग आणि ताल मी शीर्षकातही लिहितो: 'मारवा, विलंबित एकताल'. निवेदनाचा आवाज मोठा आणि आलापाचा बारीक असा फरक असतो, त्यासाठी फाइलला हात न लावता म्युझिकबीतलं रीप्लेगेन वापरावं. ते फाइलींमधली पातळी सारखी करतं, एकाच फाइलीच्या आतली नाही, तेव्हा निवेदन फारच मोठं असेल तर ऑडॅसिटीत तेवढाच भाग निवडून खाली आणावा. आणि सगळा संग्रह एकाच डिस्कवर ठेवू नये. माझी दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे, तिसरी बहिणीच्या घरी.