हेब्रॉनची दोन गाइडवाली सहल : जरूर जा, नकाशा मात्र घरून न्या

साडेतीन स्टार. चार दिले असते, अर्धा नकाशापायी कापला. बत्तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून काढली, त्यामुळे हा अर्धा स्टार कुणी परत मागू नये. हेब्रॉन म्हणजे इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमधलं पॅलेस्टिनी शहर. जे शहर कागदावर रेघ ओढून दोन हिश्श्यांत वाटलंय, तिथे माणसं फिरायला न्यायची आणि हातात नकाशा द्यायचा नाही, म्हणजे लग्नाचं आमंत्रण देऊन पत्रिकेवर हॉलचा पत्ता न छापण्यातली गत. मी आदल्या रात्री मित्राच्या प्रिंटरवर नकाशा काढून नेला होता, म्हणून निभावलं.

मित्र म्हणजे आमच्या अलिबागच्या इस्रायल आळीतला. १९७४ साली आईवडिलांबरोबर इस्रायलला गेला, आता तिथल्या लोद गावी राहतो. मराठी अजून आगरी वळणाची, बायको पोह्यांत खोबरं सढळ हाताने घालते. फेब्रुवारी २०१९मध्ये दोन आठवडे त्याच्याकडे राहिलो. जेरुसलेम, मृत समुद्र, सगळीकडे तो बरोबर आला. हेब्रॉनचं नाव काढलं तेव्हा म्हणाला, "तू जा. माझ्या धाकट्याने तिथे ड्युटी केलीय. मला नाय बघायचंय."

सहल जेरुसलेमहून निघते. २०१९मध्ये माणशी अडीचशे शेकेलच्या आसपास पडले, म्हणजे आपले पाचेक हजार, जेवण धरून. कंपनीची स्वतःची गाडी नसते. सेंट्रल बस स्टेशनवरून १६० नंबरच्या सार्वजनिक बसनेच नेतात. बसच्या काचा गोळी न लागणाऱ्या, जाड, हिरवट झाकेच्या. त्यातून बाहेरच्या द्राक्षबागा पाण्याखाली असल्यासारख्या दिसतात. अंतर तीसेक किलोमीटरच. अर्धा दिवस ज्यू गाइड, अर्धा दिवस पॅलेस्टिनी गाइड. दोघं एकमेकांना भेटत नाहीत. मध्ये एका चौकीपाशी एक जण आपल्याला सोडतो, पलीकडे दुसरा उभा असतो. ही कंपनीची हौस नव्हे. शहराच्या एका भागात इस्रायली नागरिकाने जायचं नाही, तसे लाल फलकच लावलेत. आणि दुसऱ्या भागातल्या ठरावीक रस्त्यांवर पॅलेस्टिनी माणसाने पाऊल ठेवायचं नाही. दोन्हीकडे फिरायला मुभा कुणाला, तर अलिबागच्या निवृत्त मोजणीदाराला!

आता ही रेघ कुठून आली ते सांगतो, कारण गाइडांनी घाईत उरकलं. १९९५च्या इस्रायल-पॅलेस्टिनी यांच्यातल्या दुसऱ्या ओस्लो करारात इस्रायली सैन्य बहुतेक हेब्रॉनमधून निघेल असं ठरलं होतं. मार्च १९९६ची मुदत होती. बॉम्बस्फोट झाले, मुदत टळली, मे महिन्यात नेतान्याहू इस्रायलचे पंतप्रधान म्हणून निवडून आले. मग अमेरिकेचे दूत डेनिस रॉस महिनोन्‌महिने इकडून तिकडे खेपा घालत राहिले, शेवटी जॉर्डनच्या राजे हुसेननी हात लावला आणि जानेवारी १९९७मध्ये हेब्रॉनचा करार झाला. एच-१ म्हणजे सुमारे ८० टक्के शहर पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे, एच-२ म्हणजे २० टक्के इस्रायली सैन्याकडे. माजी पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांचे चिरंजीव बेनी बेगिन याच करारापायी नेतान्याहूंचं मंत्रिमंडळ सोडून गेले. कराराला रॉस यांनी दोन्ही बाजूंसाठी लिहिलेलं टिपण आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वॉरन ख्रिस्तोफर यांचं पत्र जोडलेलं आहे.

हा करार मी मित्राच्या दिवाणखान्यात बसून वाचला. पानं थोडी आहेत. आणि खरं सांगतो, मोजणीवाला म्हणून आधी कौतुकच वाटलं. एच-१ मध्ये पोलीस ४००, गाड्या २०, पिस्तुलं २००, रायफली १००. इतकं बारीक तर आमच्याकडे भावाभावांच्या वाटणीत विहिरीच्या पाळ्यासुद्धा लिहीत नाहीत.

पण क्षेत्र मोजून वाटणी होत नसते. आपल्याकडे सरस-निरस बघतात : एकाच्या वाट्याला पाण्याची जमीन आली तर दुसऱ्याला खडकाळ थोडी जास्त. इथल्या २० टक्क्यांत जुना बाजार आहे, शुहादा रस्ता आहे आणि ज्यू व मुसलमान दोघांनाही पूज्य असलेल्या अब्राहमची कबर आहे. म्हणजे मळा, विहीर आणि देवघर तिघंही त्याच तुकड्यात. त्या तुकड्यात तीसेक हजारांच्या वर पॅलेस्टिनी आणि त्यांच्यामध्ये आठेकशे ज्यू वसाहतकरी. रेघ कागदावर सरळ दिसते, पायाने चालताना ती घराच्या जिन्यातून जाते.

कबरीची वास्तू बघण्यासारखी आहे, त्याबद्दल दुमत नाही. हेरोड राजाच्या काळच्या भिंती, एकेक दगड बैलगाडीएवढा. २५ फेब्रुवारी १९९४ला ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या बारुख गोल्डस्टाइनने लष्करी गणवेशात आत शिरून नमाज पढणाऱ्या २९ जणांना मारलं. त्यानंतर वास्तूचीही वाटणी झाली. ज्यूंचा दरवाजा वेगळा, मुसलमानांचा वेगळा. वर्षातले दहा दिवस पूर्ण वास्तू एकाकडे, दहा दिवस दुसऱ्याकडे. अब्राहमची समाधी मधोमध. सकाळी आम्ही ती एका जाळीतून पाहिली, दुपारी समोरच्या जाळीतून. समाधी तीच, हिरवी चादर तीच. पलीकडच्या बाजूला उभी असलेली एक बाई आमच्याकडे बघत होती, मी उगाच मान हलवली. बायकांना मशिदीच्या बाजूला टोपीचा झगा घालायला देतात.

सकाळचा गाइड वसाहतीतला, बोलायला गोड. वसाहतीतल्या बेत हदासा या इमारतीच्या संग्रहालयात त्याने १९२९ची खोली दाखवली. त्या ऑगस्टमध्ये इथे ६७ ज्यू मारले गेले, पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती उठली. तिथले फोटो बघताना गटातलं कुणी बोललं नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुम्हाला ८० आणि २० सांगतील. आम्हाला मोकळं फिरता येतं ते तीन टक्क्यांत." तीन टक्के कसे काढले विचारलं, तर हसून पुढे चालू लागला. माझा स्वभाव वाईट आहे, मी दोनदा विचारलं. याची वेळ संपून चाळीस मिनिटं झाली तरी बोलणं संपेना, आणि ती चाळीस मिनिटं दुपारच्या माणसाच्या वाट्यातून गेली. कंपनीने इकडे लक्ष द्यावं. अतिक्रमण ते अतिक्रमण.

शुहादा रस्त्यावर मी सवयीने पावलं मोजत चाललो. दोन्ही बाजूंना दुकानांची हिरवी लोखंडी दारं, काही वितळजोड मारून कायमची बंद केलेली. वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्यांना जाळ्या. भरदुपारी बाजारपेठेच्या रस्त्यावर आमच्या चपलांचा आवाज, एक सैनिक, एक मांजर. करारात हा रस्ता उघडायचं ठरलं होतं. अमेरिकेच्या मदतनिधीतून त्याची दुरुस्तीही झाली. २०००च्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात, पुन्हा बंद झाला तो झालाच.

दुपारच्या गाइडच्या आजोबांचं दुकान याच रस्त्यावर. तो आमच्याबरोबर आला नाही, येऊच शकत नव्हता. पलीकडे भेटल्यावर त्याने विचारलं, "डाव्या हाताचं, पायरी तुटलेलं, बघितलंत?" आमच्यातल्या तिघांनी फोटो काढले होते. त्याने ते फोनवर मोठे करून बघितले, पायरीवर बोट ठेवून थोडा वेळ थांबला, आणि म्हणाला, चला, जेवण थंड होईल.

जेवणाला मात्र पाचपैकी पाच. एका घरी नेतात. मकलुबा : भात, तळलेली वांगी, फ्लॉवर, कोंबडी, सगळं एका पातेल्यात थर लावून शिजवतात आणि मग पातेलं परातीवर उपडं करतात. घरच्या बाईंनी पातेलं उपडं केलं, बुडावर हाताने चारपाच थापा मारल्या, कान लावून ऐकलं, मग अलगद उचललं. वांग्याची चकती न मोडता वर. मी शाकाहारी आहे हे सांगितल्यावर त्यांना वाईट वाटलं, पण वरची वांगी सगळी माझ्या ताटात आली. सोबत घट्ट दही.

गटात ओहायोचं एक निवृत्त जोडपं होतं. त्यातल्या बाईंनी जेवताना विचारलं, आमच्या देशाने तुमच्यासाठी नक्की काय केलं? गाइड म्हणाला, "रस्ता. चांगला झाला होता." मग त्याने बाकीचं सांगितलं. १९९४च्या गोळीबारानंतर इथे नॉर्वे, इटली वगैरे देशांचे निःशस्त्र निरीक्षक असत. नेतान्याहूंनी मुदत वाढवली नाही, ३१ जानेवारीला ते गेले. त्याच दिवशी अमेरिकेच्या मदतसंस्थेचं वेस्ट बँक आणि गाझातलं कामही थांबलं. आम्ही तिथे जेवत होतो त्याला महिनाही झाला नव्हता. मी परत आल्यावर मार्चमध्ये जेरुसलेमचं अमेरिकी कॉन्सुलेटही नव्या दूतावासात विलीन झालं. पॅलेस्टिनी लोकांचं अमेरिकेशी बोलायचं दार तेच होतं. आणि अमेरिकेचा नवा शांतता आराखडा येणार, येणार म्हणून तेव्हा पेपरात रोज चालूच होतं.

माझ्या नोकरीत मी एक बघितलंय. हद्द कायम मोजणीला पंच येतात, दगड रोवतात, सह्या करतात, चहा घेतात आणि जातात. पुढच्या पावसाळ्यात दगड हलतो. मग ज्याच्या बाजूला ट्रॅक्टर असेल त्याची हद्द. ख्रिस्तोफर यांच्या पत्रात सैन्याच्या पुढच्या माघारीचे टप्पे १९९८च्या मध्यापर्यंत उरकायचे लिहिलेत. ते उरकले नाहीत, म्हणून ऑक्टोबर १९९८मध्ये मेरीलँडमध्ये वाय नदीकाठी नऊ दिवस बसून नवा कागद केला. पंच हुशार होते, कागद चोख होता. पिस्तुलं मोजली. रस्ता बंद राहिला तर कुणी येऊन उघडायचा, ते शोधत मी कागद तीनदा उलटला.

काही कामाच्या सूचना. शुक्रवार-शनिवार टाळा, एकेक बाजू बंद असते. पासपोर्ट मूळ हवा, झेरॉक्स चालत नाही. जुन्या बाजारात डोक्यावर जाळी आहे, वरच्या वस्तीतून टाकलेला कचरा तिच्यात अडकतो, पाणी अडकत नाही, टोपी घाला. काचेच्या कारखान्यात पंचवीस मिनिटं नेतात. निळे पेले सुंदर आहेत, पण तो वेळ शहराला द्यायला हवा होता. मी दोन घेतले, एक विमानात फुटला.

रात्री लोदला परतलो. मित्राने हेब्रॉनबद्दल काही विचारलं नाही, चहा टाकला. मग कप हातात देता देता म्हणाला, "त्या ५६ नंबरच्या चौकीवरून गेलास ना? तिथे बसायला बाक आहे का रे? पोरगा म्हणायचा, आठ-आठ तास उभंच."

दिवसभर पावलं मोजली, दारं मोजली. बाक मी बघितला नव्हता.