परिषदेसाठी पणजी: हिरवेपण कुठे आहे, कुठे गळतं

दीडशे-दोनशे माणसांची दोन दिवसांची परिषद किंवा कार्यशाळा निसर्गाला फार ओरबाडा न काढता करायची असेल, तर पणजी चांगली निवड आहे. पाचशेच्या वर गेलात तर सगळे ताळगावच्या बाजूच्या मोठ्या स्टेडियमकडे जाणार आणि दिवसभर बसगाड्यांच्या फेऱ्या सुरू होणार. मग या शहराचा मुख्य गुणच संपतो. तो गुण म्हणजे आकार. पाटो, आझाद मैदान, १८ जून रस्ता, कांपाल हे सगळं चालण्याच्या टप्प्यात आहे. कळंगुट-बागाच्या पट्ट्यातली रिसॉर्टं माहितीपत्रकात 'इको' लिहितात खरी, पण तिथे सभागृहाच्या बाहेर पाऊल टाकलं की गाडी लागते.

तरी खरा हिशेब शहराबाहेरच ठरतो. बाहेरगावचे पाहुणे असलेल्या परिषदेच्या कार्बनमध्ये सहसा सगळ्यात जड पारडं प्रवासाचं असतं. मोपाचा विमानतळ पणजीपासून सुमारे ३५ किलोमीटर, दाबोळी त्याहून थोडा जवळ. याउलट करमळी स्थानक जेमतेम बारा किलोमीटरवर आहे, थिवी वीसेक. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. मुंबईची वंदे भारत थिवीला थांबते, पण पावसाळा सोडता शुक्रवारी धावत नाही, आणि शनिवार-रविवारच्या परिषदेचं गणित नेमकं इथेच चुकतं. पुणे-मिरज-बेळगावच्या लोकांना गोवा एक्सप्रेस सोयीची, मात्र ती मडगावला सोडते. निमंत्रणपत्रात गाड्यांची नावं, स्थानक आणि बसची वेळ छापा. नुसतं 'शक्यतो रेल्वेने या' लिहिलं तर निम्मे लोक विमानाने येतात. स्थानकावर ओला-उबर मिळेल या भरवशावर राहू नका, गोव्यात ती सेवा नाही. दोन गाड्यांच्या वेळा धरून बस आधीच ठरवा. शहरात एकट्यादुकट्याला पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल चालवणारा 'पायलट' पुरतो.

जागांमध्ये कांपालची कला अकादमी पहिली. चार्ल्स कोरियांच्या या इमारतीत मधला भाग मोकळा आहे, वरून सावली आणि थेट मांडवीकडे उघडणारी वाट. नोंदणी, पोस्टर, चहा हे सगळं इथे एसीशिवाय पार पडतं, फक्त मुख्य सत्रापुरतं थंड सभागृह घ्यायचं. नूतनीकरणानंतरच्या ध्वनिव्यवस्थेबद्दल रंगकर्मींच्या तक्रारी गाजल्या होत्या, तेव्हा आदल्या दिवशी माइक लावून शेवटच्या रांगेत बसून ऐका. पन्नास-साठ जणांची बैठक असेल तर पाटोवरच्या संस्कृती भवनात चौकशी करावी. कदंब बसस्थानक हाकेच्या अंतरावर असल्याने कुणाला टॅक्सी लागत नाही.

कचऱ्याच्या बाबतीत पणजी महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांच्या पुढे आहे. इथे सुका कचरा सोळा प्रकारांत वेगळा करण्याची पद्धत आहे: टेट्रापॅक वेगळे, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, काच वेगळी. त्यामुळे तुम्ही नीट वेगळं करून दिलेलं पुढे परत एकत्र होण्याची भीती कमी. पण वेगळं तुम्हीच करायचं. २०१६ च्या घनकचरा नियमांत आलेली अट अशी, की परवाना नसलेल्या जागी शंभरहून जास्त माणसं जमणार असतील तर कामाचे किमान तीन दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं. मैदानात मांडव घालणारे हे हमखास विसरतात.

पन्नास माणसांमागे एक ठिकाण आणि तिथे चार डबे: ओला, कागद, प्लास्टिक-टेट्रापॅक, उरलेला. जेवणाच्या वेळी प्रत्येक ठिकाणी एक स्वयंसेवक उभा हवाच. तो नसेल तर पहिल्या वीस मिनिटांत ओल्यात नॅपकिन आणि कागदात चहाचे कप पडतात, आणि एकदा आमटी सांडली की तो कागद कुणी घेत नाही. कागदी कप हा तर फसवाच प्रकार आहे. आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो ना कागदात जातो ना खतात. दोनशे माणसं, दिवसाला चार चहा, दोन दिवस: सोळाशे कप. केटररकडून काचेचे पेले भाड्याने घ्या आणि धुणार कुठे हे करारात लिहून घ्या. 'कंपोस्टेबल' छापलेले चमचेही टाळा. मक्याच्या प्लास्टिकला कुजायला कारखान्यातली उष्णता लागते, परसातल्या खड्ड्यात ते तसंच राहतं. स्टीलची ताटं सगळ्यात बरी. तेवढी भांडी घासायला पाणी नसेल तर पोफळीच्या विरीच्या, म्हणजे झावळीच्या बुडाशी असलेल्या रुंद सालीच्या, ताटल्या. पाण्याला माणशी तीन लिटर धरून वीस लिटरचे तीस जार दिवसाला लागतात. अर्ध्या लिटरच्या बाटल्या ठेवल्यात तर त्याच पाण्याच्या बाराशे बाटल्या होतात.

जेवणाबाबत एक गोष्ट स्पष्ट विचारा: भाजी कुठली? गोव्यातली बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते, आणि फलकावर मात्र 'लोकल मेन्यू' असतो. खरंच इथलं हवं असेल तर उकड्या तांदळाचा भात, तांबडी भाजी, आगशीची वांगी, सोलकढी असा बेत द्या. उंडे (गोल पाव) पोदेराकडून, म्हणजे पाव भाजणाऱ्याकडून, घ्या आणि आकडा आदल्या दिवशी सांगा, कारण ऐनवेळी दोनशे उंडे मिळत नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात ताटात आलेला सुरमईचा तुकडा बहुधा बर्फातला किंवा दुरून आलेला असतो.

सजावटीत थर्माकोल १ जुलै २०२२ पासून बंद आहे, शंभर मायक्रॉनखालचे पीव्हीसी फलकही. कापडी फलकावर तारीख छापू नका, म्हणजे पुढच्या वर्षी तोच चालतो. माडाच्या विणलेल्या चुडतांचा मांडव दिसतो सुरेख, पण ती आठवडाभर आधी सांगावी लागतात आणि वाळली की पेट घेतात. त्यांच्याजवळ हॅलोजन लावू नये.

वीज ही पणजीची कच्ची बाजू. गोव्याची बहुतेक वीज राज्याबाहेरून येते, म्हणून सभागृहाच्या छतावर सौर पट्ट्या दिसल्या तरी एसी त्यावरच चालतो असं समजू नका. २५ अंशांची अट करारात घाला. जनरेटर किती केव्हीएचा हेही विचारा, कारण गरजेपेक्षा मोठा जनरेटर अर्ध्या भारावरही डिझेल पीतच राहतो.

नदीकाठी रात्रीचं जेवण ठेवणार असाल तर उघड्यावरचा ध्वनिक्षेपक दहाला बंद होतो. शिवाय सातनंतर बांदोडकर मार्ग कॅसिनोच्या गर्दीने तुंबतो, म्हणून पाहुण्यांना पायीच न्या. २० नोव्हेंबरनंतरचा इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा आठवडा, ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त आणि डिसेंबरमधला सेरेंडिपिटी कला महोत्सव टाळा, खोल्याच मिळत नाहीत. जानेवारीचा मधला काळ सगळ्यात बरा.

सहल हवीच असेल तर दूधसागरचा हट्ट सोडा. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा. सलीम अली पक्षी अभयारण्य धक्क्यापासून चालत गाठता येतं. सकाळी सातच्या आत पोचा, आणि खारफुटीतून होडी हवी असेल तर आधी भरतीची वेळ बघा, कारण ओहोटीला ती चिखलात रुतते.