फ्लुइडसिंथ: ऑल्टोवाल्यांसाठी फुकटातला साथीदार

कॅम्पातल्या एका कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानात, मी ऑल्टो गाते, म्हणजे बायकांतला खालचा आवाज. ऑल्टोचं दुखणं जुनंच आहे. चाल सगळी सोप्रानोकडे, म्हणजे वरच्या आवाजाकडे, आपल्या वाट्याला मधलेच दोन-चार सूर, आणि शेजारणीने आवाज चढवला की आपण नकळत तिच्या मागे. घरी सराव करावा तर पियानो नाही. कोथरूडच्या दोन खोल्यांत तो ठेवणार कुठे?

फ्लुइडसिंथ हा मोफत प्रोग्रॅम. मिडी फाइल आणि साउंडफाँट दिला की वाजवतो. मिडीत मुळात आवाज नसतोच. कुठला सूर, किती वेळ, किती जोरात एवढंच लिहिलेलं असतं. आवाज येतो साउंडफाँटमधून. मी फ्लुइडआर3 वापरते, साधारण 140 एमबीचा. त्यातला पियानो चांगला आहे, सोलो व्हायोलिन मात्र ऐकवत नाही.

नोटेशनची म्यूझिकएक्सएमएल फाइल याला थेट कळत नाही. त्यासाठी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली म्यूझिक21 ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लागते. भाच्याने चहा निवायच्या आत छोटीशी स्क्रिप्ट लिहून दिली: फाइल उघड, चारही आवाज वेगळे कर, ऑल्टोचा जोर 110, बाकीच्यांचा 40 (कमाल 127), मिडी लिहून फ्लुइडसिंथच्या हवाली कर. लयही कमी करता येते आणि पट्टी हलत नाही, हे फार सोयीचं. सगळा पैसा वसूल इथेच, म्हणजे खर्च केला असता तर!

मी हौसेने कॉयरचा आवाज लावायला सांगितला. "मावशी, पियानोच राहू दे," भाचा म्हणाला, आणि त्याचंच बरोबर. 'कॉयर आह्ज'चा सूर हळूहळू फुलतो, त्यामुळे भरभर जागा आल्या की नुसता गोंगाट. तरी हौस असेलच तर लक्षात ठेवा: जनरल मिडीच्या, म्हणजे वाद्यांच्या ठरलेल्या क्रमांकांच्या, तक्त्यात तो 53 वा, पण स्क्रिप्ट शून्यापासून मोजते, म्हणून आकडा 52. तिथे 53 टाकलंत तर 'आ'ऐवजी 'ऊ' ऐकू येईल.

तक्रारी आहेतच. मुळात आवाज फार बारीक, गेन (आवाजाची पातळी) 0.2 वर असतो, तो दरवेळी वाढवून द्यावा लागतो. शब्द गात नाही, तेव्हा लॅटिन उच्चार तुमचे तुम्ही बघा. आणि स्कॅन केलेल्या पीडीएफचा इथे काही उपयोग नाही.

वाजवण्याऐवजी फ्लुइडसिंथ थेट वेव्ह (ऑडिओ) फाइलही करून देतो, तीही झटपट. ती फोनवर घेऊन वनाझला मेट्रोत बसलं की पुणे स्टेशन येईपर्यंत ऑल्टो दोन-तीनदा ऐकून होतो.

काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची धास्ती असेल, तर म्यूझस्कोर हा नोटेशनचा प्रोग्रॅम घ्या. तेही मोफत, म्यूझिकएक्सएमएल थेट उघडतं आणि मिक्सरमध्ये हवा तो आवाज वर काढता येतो. पण दर नव्या रचनेला मिक्सर ओढत कोण बसणार? मला आपली स्क्रिप्टच बरी.