रॅम आधी की प्रोसेसर? ग्वाल्हेरच्या उकाड्यात ओव्हरक्लॉकिंगची सुरुवात

ओव्हरक्लॉकिंगचं, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने मशीन पळवण्याचं, खूळ डोक्यात शिरलं की हात पहिला प्रोसेसरकडे जातो. त्याला कारणही आहे. 1998 साली इंटेलचा सेलेरॉन 300ए आला, तेव्हा मदरबोर्डची बस (डेटाचा रस्ता) 66 वरून 100 मेगाहर्ट्झवर नेली की 300चा प्रोसेसर 450वर पळायचा. दीडपट वेग, तोही फुकटात! आता कंपन्या कारखान्यातच प्रोसेसर पिळून पाठवतात. एएमडीचा रायझन 5 5600 काही न करता 4.4 गीगाहर्ट्झपर्यंत जातो. पीबीओ (एएमडीची वेग वाढवायची सोय) चालू करून वर जास्तीत जास्त 200 मेगाहर्ट्झ मागता येतात, म्हणजे जेमतेम साडेचार टक्के, आणि तेही थंडावा असेल तर.

रॅमचं उलट आहे. डब्यावर 3200 छापलेली डीडीआर4 असेंबल केलेल्या पीसीत कित्येकदा 2133 किंवा 2400 वरच चालत असते, कारण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला डब्यावरच्या वेगाने चालवणारी तयार सेटिंग, कुणी चालूच केलेलं नसतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा, मेमरीवर क्लिक करा आणि ‘स्पीड’समोरचा आकडा बघा. डब्यापेक्षा कमी दिसला, तर पैसे मोजून घेतलेला वेग तुम्ही वापरतच नाही आहात. त्याच्याच खाली किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं. तिथे एकच असेल तर ओव्हरक्लॉकिंग राहू द्या, आधी तशीच दुसरी पट्टी घ्या. 3200ची एक पट्टी सेकंदाला 25.6 जीबी डेटा देते, दोन मिळून 51.2. रायझन 5600जीसारख्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये गेम खेळताना हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण ग्राफिक्सचं सगळं काम त्याच रॅममधून चालतं.

आता उकाडा. इथे माझा कल उघडपणे रॅमकडे आहे. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग 5 टक्के वाढवायला 1.20 चे 1.30 व्होल्ट करावे लागले, तर वीज सुमारे 23 टक्क्यांनी वाढते आणि तेवढीच उष्णता कॅबिनेटमधून बाहेर काढावी लागते. रॅमचं एक्सएमपी 1.2 चे 1.35 व्होल्ट करतं, पण मुळात रॅमला लागणारी वीजच थोडी. कॅबिनेटला तिचा पत्ताही लागत नाही.

पुण्यात बसून लिहिलेली सेटिंग आपल्याकडे जशीच्या तशी लावायची सोय नाही. तानसेन समारोहाच्या थंडीत लष्कर भागातल्या एखाद्या खोलीत 15 अंश असतात आणि प्रोसेसर पूर्ण लोडवर 75वर राहतो. मे महिन्यात बाहेर 45 आणि कूलर लावूनही खोलीत 35. खोली 20 अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच चढतो, म्हणजे 95. रायझन 7000ची हद्द तिथेच संपते, इंटेलचे बरेचसे प्रोसेसर 100वर वेग कमी करतात. डिसेंबरात कमावलेला वेग मे महिन्यात परत जातो. म्हणून प्रोसेसरची चाचणी उन्हाळ्यातल्या दुपारी घ्या, थंडीतल्या रात्री नाही. आणि खिडकीतल्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. गार वाटतो खरा, पण त्यात दमटपणा असतो.

प्रोसेसरला हात लावायचाच असेल तर व्होल्टेज वाढवण्यापेक्षा कमी करून बघा. रायझन 5000पासून पुढे बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर मिळतो, तो व्होल्टेज कमी करतो. सगळ्या कोअर्सना उणे 10 देऊन सुरुवात करा, टिकलं तर उणे 15. तोच वेग कमी व्होल्टेजवर मिळाला की तापमान उतरतं आणि वाचलेल्या उष्णतेत प्रोसेसर स्वतःच थोडा वर चढतो. ग्वाल्हेरसाठी मला हाच सौदा पटतो. फक्त एक लक्षात ठेवा: ही सेटिंग चुकली तर मशीन लोडवर नाही, रिकामं बसलेलं असताना अचानक रीस्टार्ट होतं. नुसतं सिनेबेंच (प्रोसेसरवर लोड टाकणारी चाचणी) पास झालं म्हणून खूश होऊ नका.

जोखमीत मात्र रॅम लबाड. प्रोसेसर बिघडला की निळा स्क्रीन येतो, बोंब होते, सेटिंग मागे घेता येते. रॅमची चूक गुपचूप राहते: एखादा फोटो, एखादी झिप फाइल, कधी विंडोजच खराब होतं आणि ते महिन्याने कळतं. म्हणून एक्सएमपी लावलं तरी रॅम तपासणारा मेमटेस्ट86 रात्रभर चालू द्या, आणि एकही एरर आली तर वेग खाली आणा. एका एररने काय होतंय, असं इथे चालत नाही. मशीन चालूच झालं नाही तर घाबरू नका, क्लिअर सीमॉस (मदरबोर्डवरची बायोस पुसायची सोय) केलं की बायोस मूळ सेटिंगवर येतो. डीडीआर5 मात्र पहिल्यांदा काही मिनिटं काळा स्क्रीन दाखवत ट्रेनिंग करते, म्हणजे स्वतःची जुळवणी करते, तेवढा धीर धरा. टायमिंग (रॅम उत्तर द्यायला घेते तो वेळ) हाताने कमी करत बसणं हा वेगळाच छंद आहे. सवड असेल तरच त्यात पडा.

मुळात तुमच्याकडे पर्याय आहे का, तेही बघा. इंटेलमध्ये नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड, दोन्ही लागतात. बी660, बी760वर फक्त रॅम वाढते, एच610वर तीही नाही. इंटेलच्या 12400एफवाल्यांनी 3600च्या रॅमचा हट्ट धरू नये, त्याचं एसए व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या, रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) लॉक असतं, 3200 सुखाची. एएमडीचे बहुतेक रायझन खुले आहेत, पण ए320, ए520 बोर्ड प्रोसेसर वाढवू देत नाहीत. रायझन 7000ला डीडीआर5-6000 आणि एक्स्पो (एएमडीचं एक्सएमपी) ही जोडी शोभते. फक्त बायोस नवा हवा, कारण 2023 मध्ये काही एक्स3डी (जास्त कॅशवाले) प्रोसेसर जास्त एसओसी व्होल्टेजने (प्रोसेसरमधल्या, रॅम सांभाळणाऱ्या भागाच्या) जळाले आणि मग एएमडीने 1.3 व्होल्टची मर्यादा घातली. इंटेलच्या 13व्या-14व्या पिढीलाही 2024 चा किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) असलेला बायोस आधी, बाकी सगळं नंतर. बायोस अपडेट करताना यूपीएस लावा, लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

कागदोपत्री एक्सएमपी आणि एक्स्पोसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच धरलं जातं, तेव्हा वॉरंटीच्या अटी वाचून घ्या. नवीन मशीन घेणार असाल आणि गेमच खेळायचे असतील, तर के प्रोसेसर, झेड बोर्ड आणि मोठा लिक्विड कूलर यांवर जाणारी जास्तीची रक्कम ग्राफिक्स कार्डात घाला. व्हिडिओ रेंडर किंवा कोड कंपाइल करणाऱ्यांनी ती थेट जास्त कोअर्सच्या प्रोसेसरवर लावावी.