मळ्यावरचे तीन हॉलिवूडपट: एकच बघायचा असेल तर कोणता?

रबराचा नाहीतर चहाचा मळा, रुंद व्हरांड्याचा बंगला, तापट गोरा मळेवाला, बाहेरून आलेली देखणी बाई आणि दाराबाहेर धो धो पाऊस. जुन्या हॉलिवूडने ही मांडणी कितीदा तरी वापरली. त्यातले तीन सिनेमे नेहमी एका दमात सुचवले जातात: ‘रेड डस्ट’ (1932), ‘द लेटर’ (1940) आणि ‘एलिफंट वॉक’ (1954). तिघांची जातकुळी एकच, पण बघून उठल्यावर मनात राहतं ते मात्र अगदी वेगवेगळं. माझं मत आधीच सांगते. एकच संध्याकाळ मोकळी असेल तर ‘द लेटर’ लावा.

प्रेमकथाच हवी असेल, तर मात्र ‘रेड डस्ट’. जेमतेम 83 मिनिटांचा. फ्रेंच इंडोचायनातला रबराचा मळा, मळेवाला क्लार्क गेबल, सायगावहून आलेली जीन हार्लो, आणि इंजिनिअर नवऱ्याबरोबर तिथे येऊन पडलेली मेरी ॲस्टर. हॉलिवूडची नीतिनियमावली 1934 पासून कडक झाली, त्याआधीचा हा सिनेमा. त्यामुळे माणसं एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात, हवं ते हवं म्हणतात. पावसाच्या पाण्याच्या पिंपात बसून हार्लो अंघोळ करते तो प्रसंग गाजला, पण मला ती पोपटाचा पिंजरा साफ करत एकटीच बडबडते तेव्हा जास्त आवडते. शूटिंग चालू असतानाच तिचा नवरा पॉल बर्न गेला होता. हे कळल्यावर तिचं ते खळखळून वागणं पुन्हा बघितलं आणि गळा दाटून आला.

याच सिनेमात गेबल पाहुण्यांना रबर कसं तयार होतं ते दाखवतो. चीक, त्यात आम्ल, मग गोठलेला गोळा. आमच्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला रबराच्या बागा आहेत. खोडावर तिरकी खाच, खाली बांधलेली वाटी, थेंब थेंब साचणारा पांढरा चीक हे मी तिथे जवळून पाहिलंय, म्हणून स्टुडिओत उभारलेल्या त्या जंगलातही हा प्रसंग मला खरा वाटला. खटकतो तो ‘होय’ नावाचा स्वयंपाकी. विली फंगसारख्या नटाला नुसतं खिदळत ठेवलंय, आणि ते बघवत नाही.

‘एलिफंट वॉक’ डोळ्यांसाठी. टेक्निकलर म्हणजे रंगीत, आणि प्रत्यक्ष सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) जाऊन केलेलं चित्रीकरण. आधी नायिका होती व्हिव्हियन ली. तिची तब्येत बिघडली आणि तिच्या जागी एलिझाबेथ टेलर आली. लांबून घेतलेल्या काही दृश्यांत अजूनही लीच आहे. टेलरचं काम चांगलं आहे, पण प्रेमाचा त्रिकोण काही रंगत नाही. डॅना अँड्र्यूजच्या वाट्याला फारसं काही आलेलंच नाही. नवरा झालेला पीटर फिंच मेलेल्या बापाच्या दबावाखाली जगतो, रात्री मित्रांना घेऊन बंगल्यातच सायकलवर बसून पोलो खेळतो. तो बंगला हत्तींच्या जुन्या वाटेवर आडवा बांधलाय, आणि हत्ती ती वाट विसरलेले नाहीत. हीच या सिनेमाची सगळ्यात मोठी कल्पना. जमीन आधी कोणाची होती हे त्याला ठाऊक आहे, पण तो हक्क मागायला फक्त हत्तींना सोडलंय. मळ्यावर राबणारे लोक दिसतात ते कॉलऱ्याची साथ आल्यावर, आणि तेही गर्दी म्हणून. सिलोनच्या मळ्यांवरचे बहुतेक मजूर दक्षिण भारतातून नेलेले तमिळ होते. सिनेमा येण्याच्या सहाच वर्षं आधी, 1948च्या नागरिकत्व कायद्याने त्यातले लाखो लोक कुठल्याच देशाचे राहिले नव्हते. हे माहीत असल्यावर त्या 103 मिनिटांत मला सारखं काहीतरी सुटल्यासारखं वाटतं.

(1954 मध्येच, ‘एलिफंट वॉक’ काढणाऱ्या पॅरामाउंट स्टुडिओनेच ‘द नेकेड जंगल’ही काढला. दक्षिण अमेरिकेतला कोकोचा मळा, चार्लटन हेस्टन आणि मुंग्यांची फौज. मुलांबरोबर बघायला ठीक.)

आता ‘द लेटर’. मलायातला रबराचा मळा, चांदणी रात्र. खाचेतून चीक ठिबकतोय. कॅमेरा हळूहळू सरकत शेडमध्ये झोपलेल्या मजुरांवरून जातो. कोणी झोळीत, कोणी खाली. मग गोळीचा आवाज. पांढरा काकाकुवा फडफडत उडतो, बंगल्याच्या पायऱ्यांवर एक माणूस कोसळतो आणि त्याच्यामागून बेटी डेव्हिस पिस्तूल रिकामं होईपर्यंत गोळ्या झाडत उतरते. मजूर जागे होतात, बघतात. तिने काय केलं याचे पहिले साक्षीदार तेच. दिग्दर्शक विल्यम वायलरने इथेच सिनेमा जिंकलाय.

पुढे एका पत्राची किंमत ठरते आणि ती मोजायला डेव्हिसला मृताच्या युरेशियन, म्हणजे मिश्र वंशाच्या, बायकोसमोर जावं लागतं. ती बाई पत्र हातात देत नाही, जमिनीवर टाकते. मडमेला वाकून उचलावं लागतं. बाकी दोन सिनेमांत असा एकही क्षण नाही. ही भूमिकाही गेल सोंडरगार्ड या गोऱ्या नटीलाच दिली, हा डाग आहेच. सिनेमा ज्या नाटकावर बेतलाय त्याचा शेवट सेन्सॉरच्या नियमांत बसेना म्हणून नवा जोडला, तोही मला ओढूनताणून आणलेला वाटतो. ऑस्करची सात नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही.

यात गोड प्रेम शोधू नका. लग्न मोडल्याच्या दुःखात असाल तर आज नको, ‘रेड डस्ट’च लावा. नाहीतर 95 मिनिटं काढा, दिवे घालवा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सुरुवातीला बराच वेळ कोणी एक शब्द बोलत नाही.