ग्लुटेनशिवाय टॅको घरी: तयार शेल, मक्याची पोळी की तांदळाची भाकरी?

घरात कुणाला सेलिएक आहे, म्हणजे गव्हा-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन न चालणारा आजार, आणि पोरांना टॅको बेल या अमेरिकी फास्ट-फूड साखळीसारखाच टॅको हवा आहे, तर आधी शेल, म्हणजे सारण भरायची बाहेरची दुमडलेली पोळी, ठरवा. रत्नागिरी-मालवणकडे राहून तीन पर्याय हाताशी आहेत: ऑनलाइन मागवलेले तयार शेल, घरी थापलेली मक्याची पोळी, आणि आपली तांदळाची भाकरी.

कुरकुरीतपणाच हवा असेल तर तयार शेलला तोड नाही. ग्लेन बेल यांनी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात टॅको बेल सुरू केलं, ते अशाच आधी तळून ठेवलेल्या, दुमडलेल्या शेलच्या जोरावर. मात्र ते महाग पडतात आणि आपल्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, फोडलेलं पाकीट रात्रभरात सादळतं. तेव्हा एका बैठकीत संपतील एवढेच मागवा. पाकिटावर 'मक्याचे' लिहिलेलं पुरत नाही, काहींत गहूही असतो. 'ग्लुटेन-फ्री' हे शब्द बघा. त्यासाठी आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेन ही मर्यादा आहे.

मक्याच्या पोळीला मेहनत जास्त, पण मला चवीला हीच सगळ्यात आवडते. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग वाटतात, म्हणून त्याचं पीठ चिकट होतं आणि तो खास वास येतो. तसं तयार पीठ 'मसा हारिना' नावाने ऑनलाइन मिळतं. दुकानातलं साधं मक्याचं पीठ घेतलं तर पोळी हातातच फाटते. त्यावर उपाय मोदकाच्या उकडीचा: दोन वाट्या मक्याच्या पिठाला एक वाटी तांदळाचं, उकळत्या पाण्यात मीठ-तेल घालून उकड काढायची, गरम असतानाच मळायची. कॉर्नफ्लोअर घेऊ नका, तो नुसता स्टार्च. प्लॅस्टिकच्या दोन कागदांत गोळा दाबून पातळ करा, तव्यावर दोन्हीकडून जेमतेम शेका, मग तेलात सोडा. मऊ आहे तोवर चिमट्याने अर्धी दुमडायची आणि मधली फट झाऱ्याने उघडी धरायची. बुडबुडे ओसरले की बाहेर. फट मिटली तर सारण भरताना शेल तुटतो, एवढं सांभाळा.

तांदळाची भाकरी रोजच्यासाठी. पातळ थापून मऊ टॅको छान होतो, मक्याचा वास मात्र येत नाही. घरातल्या सेलिएकच्या माणसाला आठवड्यात दोनदा टॅको हवा असेल तर हीच करा.

आता खरी चव, म्हणजे खिमा. अमेरिकेतल्या टॅको बेलच्या मसालेदार बीफमध्ये ओट्स असतात. साध्या ओट्समध्ये गव्हा-जवाची भेसळ सहज होते, म्हणून त्यांच्याऐवजी अर्धा किलो खिम्याला चमचाभर तांदळाचं पीठ लावा. चिकन असो वा मटण, खिमा कच्चा असतानाच पाणी घालून हाताने मोडायचा आणि मग आचेवर ठेवायचा. तरच तो लगथगीत, एकजीव शिजतो. मसाल्यात जिरेपूड, काश्मिरी तिखट, कांदा आणि लसणाची पावडर, टोमॅटो, चिमूटभर कोको आणि शेवटी लिंबू. मालवणी मसाला इथे मुळीच नको. बडीशेप, दगडफूल आणि लवंग आली की तो आपला खिमा होतो, उत्तम होतो, पण टॅको राहत नाही. ओरेगॅनो नसेल तर परसातल्या पानओव्याची दोन पानं बारीक चिरून घाला, वास बराच जुळतो. मासे न सोडणाऱ्यांना कोलंबीचा टॅको नक्की आवडेल, फक्त त्यात फास्ट-फूडची चव शोधू नये.

शाकाहारी घरात राजमा जाडसर कुस्करून त्याच मसाल्यात परता. त्यात हिंग घालायचा मोह होईल, तिथे थांबा: बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. तळलेला उडदाचा पापड शेल म्हणून वापरणाऱ्यांनीही हे बघावं, कारण पापडातही हिंग असतो.

आणि गिरणी. गव्हाच्या पाठोपाठ दळलेलं तांदळाचं पीठ सेलिएकला चालत नाही. आधी दुसऱ्याचे तांदूळ दळून झाले असले तरी जात्यात गहू उरतोच. घरच्या मिक्सरला तांदूळ दळून बारीक चाळणीने चाळून घ्या, किंवा ग्लुटेन-फ्री छापलेलं बंद पाकीट आणा. चाळणी, पोळपाट आणि तळणीचं तेलही वेगळं ठेवा.